डिजिटल फोटोला दिलेला जीर्ण पोत वरून चिकटवल्यासारखा का दिसतो?

छायावेध (प्रश्न)

नमस्कार.

जुन्या लाकडी दारांची, पोपडे निघालेल्या भिंतींची आणि त्या घरांत राहणाऱ्या वयस्कर माणसांच्या चेहऱ्यांची एक छायाचित्रमालिका मी करत आहे. ती छापून भिंतीवर लावायची आहे, आणि त्यातले प्रत्येक छायाचित्र कुणीतरी वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या, अनेकांच्या हातांतून गेलेल्या प्रतीसारखे दिसावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. हल्लीच्या कॅमेऱ्यातून येणारी प्रतिमा इतकी स्वच्छ आणि गुळगुळीत असते की या विषयाशी तिचा सूर जुळत नाही, म्हणून मी टेक्स्चरचा, म्हणजे पृष्ठभागाच्या पोताचे चित्र वर चढवण्याचा, मार्ग धरला.

माझी सध्याची पद्धत सरळ आहे. जुन्या कागदाचा, ओरखड्यांचा किंवा गंजलेल्या पत्र्याचा फोटो मी मूळ छायाचित्राच्या वर वेगळ्या लेयरवर ठेवतो, ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात मिसळण्याची पद्धत) ओव्हरले किंवा मल्टिप्लाय करतो आणि ओपॅसिटी (लेयरचा ठळकपणा) चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत उतरवतो. दुरून पाहिले तर परिणाम बरा वाटतो, जवळून पाहिले की मात्र तीन गोष्टी खटकतात. एक तर रंग मळतात आणि त्वचेवर करडी-तपकिरी कळा येते. दुसरे म्हणजे चेहऱ्यावर आलेले ओरखडे आणि डाग कागदाचे न वाटता त्या माणसाच्या कातडीवरचे व्रण वाटतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते: डाग, ओरखडे, पिवळेपणा असे सगळे असूनही छायाचित्र जुने वाटत नाही, नव्या छायाचित्रावर कुणीतरी जुना कागद पसरल्यासारखे वाटते.

तयार फिल्टरही वापरून पाहिले, पण ते प्रत्येक फोटोवर तोच ओरखडा त्याच जागी उमटवतात आणि चित्रे शेजारी-शेजारी लावली की ही पुनरावृत्ती लगेच उघडी पडते. मी प्रामुख्याने गिंप हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर वापरतो, अधूनमधून फोटोशॉपही वापरता येते. नेमके कुठे बिनसते आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

रूपेरीकण (प्रतिसाद)

आपला तिसरा मुद्दा हाच मूळ प्रश्न आहे आणि उरलेल्या दोहोंची उत्तरेही बऱ्याच अंशी त्यातून निघतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

टेक्स्चर निवडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: या छायाचित्रात झिजले आहे ते नेमके काय? निगेटिव्ह खराब झाली आहे, की निगेटिव्ह शाबूत राहून तिच्यावरून काढलेली प्रिंट म्हातारी झाली आहे? या दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात, त्यांचे रंग वेगळे असतात आणि त्या चित्राच्या वेगवेगळ्या थरांत बसलेल्या असतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टेक्स्चरमध्ये त्या सरसकट एकत्र कालवलेल्या असतात. पाहणाऱ्याला यामागचे रसायन माहीत नसते, पण घरातल्या जुन्या फोटोंवर त्याची नजर बसलेली असते, आणि कारण सांगता आले नाही तरी काहीतरी चुकते आहे हे त्याला जाणवते.

निगेटिव्हपासून पाहू. निगेटिव्हवर बसलेला धूलिकण एनलार्जरमध्ये (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रतिमा पाडणाऱ्या यंत्रात) प्रकाश अडवतो, त्याच्या सावलीतल्या कागदाला प्रकाश मिळत नाही, आणि प्रिंटवर तिथे पांढरा ठिपका राहतो. म्हणजे निगेटिव्हवरची धूळ नेहमी पांढरी उमटते, काळी कधीच नाही. तंतू किंवा केस अडकला असेल, तर वळसे घेतलेली पांढरी रेघ दिसते. ओरखड्यांचे मात्र दोन प्रकार होतात. इमल्शनच्या (प्रतिमा धरणाऱ्या थराच्या) बाजूने फिल्म खरवडली गेली, तर प्रतिमा ज्या चांदीची बनलेली आहे ती चांदीच तिथून निघून जाते, प्रकाश मोकळा पलीकडे जातो आणि प्रिंटवर काळी रेघ येते. ओरखडा फिल्मच्या पाठीवर असेल, तर तो प्रकाश विखुरतो आणि रेघ फिकट येते. याशिवाय, फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकताना पडणारे ओरखडे फिल्मच्या लांबीला समांतर असतात. नेहमीच्या ३५ मिमी कॅमेऱ्यात चौकटीची लांब बाजू फिल्मच्या दिशेने असते, त्यामुळे हे ओरखडे चित्राच्या लांब बाजूला समांतर धावतात: आडव्या चित्रात आडवे, उभ्या चित्रात उभे. उभ्या व्यक्तिचित्रावर आडव्या, सरळसोट, समांतर रेघा टाकल्या की ते चित्र तिथेच खोटे पडते.

प्रिंटच्या खुणांची तऱ्हा निराळी. प्रिंट दुमडली गेली, तर घडीवर इमल्शन तडकते आणि आतला पांढरा कागद उघडा पडतो. म्हणून घडीची रेघ मध्यभागी पांढरी असते, आणि पुढे त्या भेगेत मळ साचला की तिच्या कडा तपकिरी होतात. खरी घडी भिंगातून पाहिली, तर ती एकसंध रेघ नसतेच. बारीक, तिरक्या, तुटक भेगांची ती एक पट्टी असते, काही ठिकाणी इमल्शनचा कपचा उडालेला असतो आणि त्या कपच्याच्या एका कडेला सूक्ष्म सावली पडलेली असते. कोपरे आणि कडा सर्वांत जास्त झिजतात, कारण हाताळताना बोटे तिथेच लागतात. वयाबरोबर कागदावर येणारे तांबूस-तपकिरी ठिपके विखुरलेले आणि कडांना धूसर असतात. कृष्णधवल प्रिंटच्या गडद भागांत, विशेषतः कडांजवळ, चांदी पृष्ठभागावर येऊन निळसर धातूसारखी झाक धरते. हे शेवटचे लक्षण टेक्स्चरच्या संग्रहांत फारसे आढळत नाही, पण कडांना अगदी हलकी निळी-करडी झाक हाताने दिली, तर ते साधता येते.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, तो म्हणजे क्रम. निगेटिव्हवरचा पांढरा ठिपका प्रिंटवर येतो तेव्हा तो कागदाइतकाच पांढरा असू शकतो, त्याहून पांढरा नाही. पुढे कागद पिवळा पडला, तर तो ठिपकाही कागदाबरोबर पिवळा पडतो. आपण पिवळेपणा आधी दिला आणि त्यावर शुभ्र धूळ टाकली, तर ती धूळ प्रिंटच्या काचेवर काल पडल्यासारखी दिसेल. म्हणून लेयर खालून वर त्या वस्तूच्या आयुष्याच्या क्रमाने रचावेत. सर्वांत खाली छायाचित्र, त्यावर फिल्मचे दाणे, त्यावर निगेटिव्हची धूळ आणि ओरखडे. मग प्रिंटचा विटलेपणा आणि कागदाचा पिवळेपणा हे कर्व्हजच्या (छटांचा उजेड आणि रंग बदलणाऱ्या साधनाच्या) लेयरने द्यावेत, म्हणजे खालचे सगळे घटक एकत्रच विटतील. घड्या, कडांची झीज आणि मळ सर्वांत वर. आपल्याला जे वरून चिकटवल्यासारखे वाटते त्यामागे बहुधा हेच कारण आहे: सगळी झीज एकाच लेयरमध्ये, एकाच मोडमध्ये आणि विटण्याच्या टप्प्यानंतर आलेली आहे.

विटण्याबद्दलही थोडे सांगतो, कारण तयार फिल्टर इथे सर्रास एकच सपाट तपकिरी छटा सगळीकडे फासतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या, साधारण सत्तरीच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच रंगीत प्रिंटमध्ये अंधारात, म्हणजे अल्बममध्ये बंद असतानाही, सायन (निळसर-हिरवे) रंगद्रव्य सर्वांत आधी कमकुवत होत गेले. सायन गेले की तांबडेपणा वाढतो, आणि द्रव्य जिथे जास्त होते तिथे, म्हणजे गडद भागांत, फरकही जास्त पडतो. पांढऱ्या भागांत मुळात द्रव्यच नसल्यामुळे तिथे तांबडेपणा येत नाही; तिथे कागदावरचा पिवळा डाग दिसतो. हे कर्व्हजमध्ये उतरवायचे असेल, तर लाल चॅनेलचा (चित्रातल्या लाल रंगाच्या ० ते २५५ या किमतींचा) खालचा बिंदू वर उचलावा, ० च्या जागी २५ ते ३५, आणि निळ्या चॅनेलचा वरचा बिंदू खाली आणावा, २५५ च्या जागी २२० ते २३०. काळे तांबूस होईल, पांढरे पिवळसर होईल आणि मधल्या छटा आपोआप त्यांच्यामध्ये बसतील. एवढ्यानेच, एकही ओरखडा न टाकता, छायाचित्राचे वय बदललेले आपल्याला दिसेल.

कृष्णधवल प्रिंटचे रसायन वेगळे आहे. सेपिया टोनिंगमध्ये चांदीचे रूपांतर सिल्व्हर सल्फाइडमध्ये केले जाते. ती मुद्दाम केलेली आणि टिकाऊ प्रक्रिया आहे, तिला विटणे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या प्रिंटचा पिवळट-तपकिरीपणा बहुतांशी अल्ब्युमेन कागदाचा आहे. ब्लांकार-एव्रार यांनी १८५० मध्ये पुढे आणलेल्या या कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर असे. तो काळानुसार पिवळा पडतो आणि उजळ भागांतले तपशील पुसट होतात. म्हणून सेपियाची छटा देऊन उजळ भाग कडक आणि तपशीलवार ठेवले, तर चित्र जपलेले वाटेल, जीर्ण वाटणार नाही. आपल्याला यांपैकी काय हवे आहे, हे आधी ठरवावे.

थरावरथर (प्रतिसाद)

रूपेरीकण यांनी क्रमाबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आपण विचारलेल्या मळकट रंगांमागे ब्लेंड मोडचे साधे गणित आहे आणि ते एकदा समजले की निम्मे अंदाज करावे लागत नाहीत, म्हणून ते मांडतो.

मल्टिप्लायमध्ये दोन्ही लेयरच्या किमतींचा गुणाकार करून त्याला २५५ ने भागतात. त्यामुळे शुभ्र टेक्स्चरने काहीच बदलत नाही आणि शुभ्रापेक्षा कमी असलेली प्रत्येक गोष्ट चित्र गडद करते. पिवळट कागदाच्या एका टेक्स्चरची किंमत लाल २२५, हिरवी २०५ आणि निळी १६५ आहे असे समजू. चेहऱ्यावरच्या एखाद्या बिंदूत लाल १८० आणि निळा १२० असेल, तर पूर्ण ओपॅसिटीला लाल १५९ आणि निळा ७८ होतो. म्हणजे चेहरा नुसता पिवळा न होता काळवंडतोही, आणि हे टेक्स्चरवर एकही डाग नसताना घडते. त्या कागदाचा सरासरी रंगच आपल्या चित्राशी गुणला जात आहे.

उपाय असा की टेक्स्चरमधून रंग आणि सरासरी उजेड आधी काढून टाकावा आणि फक्त पोत ठेवावा. टेक्स्चर डिसॅच्युरेट (रंगहीन) करावे. मल्टिप्लायसाठी वापरायचे असेल, तर लेव्हल्समध्ये पांढरा बिंदू इतका खाली ओढावा की डाग नसलेला कागद थेट शुभ्र होईल आणि केवळ डागच उरतील. स्क्रीन या उजळ करणाऱ्या मोडसाठी उलट करावे: काळा बिंदू वर ओढून पार्श्वभूमी पूर्ण काळी करावी, म्हणजे धूळ आणि पांढऱ्या भेगा तेवढ्या शिल्लक राहतील, कारण स्क्रीनमध्ये काळ्याचा परिणाम शून्य असतो. ओव्हरले आणि सॉफ्ट लाइटसाठी तटस्थ किंमत मधला करडा, म्हणजे सुमारे १२८ आहे. टेक्स्चरवर हाय पास (फक्त बारीक चढउतार ठेवणारा) फिल्टर चालवला की ते आपोआप या करड्याभोवती येते आणि कागदाचा एक कोपरा उजळ, दुसरा अंधारा असा असमानपणाही निघून जातो. गिंपमध्ये हा फिल्टर एन्हान्स गटात आहे. त्याची त्रिज्या पोताच्या सर्वांत मोठ्या हव्या असलेल्या खुणेपेक्षा थोडी अधिक ठेवावी.

ओव्हरलेबाबत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. खालच्या चित्रात जिथे पूर्ण पांढरे किंवा पूर्ण काळे आहे तिथे ओव्हरलेचा परिणामच होत नाही. वर कितीही गडद डाग असला तरी २५५ हे २५५ च राहते. खऱ्या प्रिंटवर मळ सर्वांत जास्त कुठे दिसतो? पांढऱ्या भागांत आणि पांढऱ्या किनारीवर. आपण मळ ओव्हरलेमध्ये टाकता तेव्हा तो नेमका त्याच जागी नाहीसा होतो आणि मधल्या छटांत, म्हणजे बऱ्याचदा चेहऱ्यावर, गर्दी करतो. म्हणून मळ आणि डाग मल्टिप्लायमध्ये, धूळ आणि तडकलेल्या भेगा स्क्रीनमध्ये, आणि दाणे व कागदाचा उठाव ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइटमध्ये, ही विभागणी मी पाळतो.

चेहऱ्याबद्दल. बहुतेक जण मास्क (लेयरचा काही भाग झाकणारे साधन) लावून चेहऱ्यावरून टेक्स्चर पुसून टाकतात. त्यामुळे व्रण जातात, पण चेहऱ्याभोवती उजळ, नवा, स्वच्छ असा एक डाग तयार होतो आणि तो आणखी वाईट दिसतो. त्याऐवजी टेक्स्चरच्या लेयरची प्रत काढावी, तिला गॉशियन ब्लर द्यावा, इतका की ओरखडे विरघळतील पण कागदाची मंद चढउतार राहील, आणि ही धूसर प्रत फक्त चेहऱ्याच्या जागी मूळ टेक्स्चरऐवजी मऊ कडांच्या मास्कने वापरावी. चेहऱ्याचा सूर बाकीच्या प्रिंटसारखाच राहतो आणि बारीक खुणा तेवढ्या निघतात. त्यानंतर मी एखादी खूण मुद्दाम परत येऊ देतो: गालाच्या कडेवरून केसांत शिरणारी एक बारीक भेग, किंवा खांद्यावरून निघून हनुवटीखाली संपणारी घडी. चेहऱ्याची बाह्यरेषा ओलांडून पार्श्वभूमीत सरळ जाणारी खूण पाहणाऱ्याला कागदाची वाटते, चेहऱ्याच्या आतच सुरू होऊन आतच संपणारी खूण त्वचेची वाटते. डोळे मात्र मी नेहमी मोकळे ठेवतो.

पुनरावृत्तीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. धूळ, घडी, डाग, कडा हे वेगवेगळे लेयर असले की प्रत्येकाला स्वतंत्रपणे फिरवता, उलटवता आणि लहान-मोठे करता येते. फक्त आकार बदलताना दाण्यांचा आणि धुळीचा आकार सर्व मालिकेत सारखा राहील हे पाहावे.

छायावेध

दोघांचेही मनापासून आभार. वस्तूच्या आयुष्याच्या क्रमाने लेयर रचण्याची कल्पना मला कुठेही वाचायला मिळाली नव्हती. एका दाराच्या छायाचित्रावर आजच हे करून पाहिले. टेक्स्चर तेच होते. फक्त त्याचे तीन भाग केले, धूळ कर्व्हजच्या खाली नेली आणि मळाच्या लेयरमधला डाग नसलेला कागद शुभ्र करून तो मल्टिप्लायमध्ये ठेवला. दाराच्या चौकटीच्या पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके प्रथमच दिसले आणि ते कागदाचेच वाटले.

दोन शंका उरल्या आहेत. दाण्यांचे प्रमाण आणि आकार कसा ठरवावा? पडद्यावर पूर्ण आकारात ते छान दिसतात, पण फोटो लहान करून नेटवर टाकला की जवळजवळ नाहीसे होतात. आणि मी ही चित्रे कापसाच्या, खडबडीत कागदावर छापण्याचा विचार करत आहे. त्यासाठी काही बदल करावा का?

अंधारखोली (प्रतिसाद)

दाण्यांबद्दल लिहितो, कारण फिल्म धुण्यात माझा बराच काळ गेला आहे आणि डिजिटल नॉइजला, म्हणजे सेन्सरमुळे येणाऱ्या ठिपक्यांना, दाणे म्हटले जाते तेव्हा मला राहवत नाही.

कृष्णधवल फिल्ममधले सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक साधारण ०.२ ते २ मायक्रोमीटर इतके लहान असतात, एकेकटे ते डोळ्याला दिसत नाहीत. आपल्याला दिसतात ते अनेक कणांचे, एकमेकांवर आलेले पुंजके. रंगीत फिल्ममध्ये तर धुण्याच्या प्रक्रियेत चांदी काढून टाकली जाते आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे मऊ ढग राहतात, म्हणून रंगीत फिल्मचा दाणा कृष्णधवलपेक्षा मऊ वाटतो. यावरून दोन गोष्टी निघतात. प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे उजळ किंवा गडद करणारा साधा नॉइज दाण्यासारखा दिसत नाही. त्याला अर्धा ते एक पिक्सेल ब्लर देऊन पुंजके होऊ द्यावे लागतात. आणि तो एकरंगी असावा, कारण लाल-हिरवे ठिपके दिसले की सेन्सरची आठवण होते, फिल्मची नाही.

दुसरा फरक दाणे कुठे दिसतात याचा. सेन्सरचा नॉइज सावल्यांत जास्त असतो. फिल्मवरून काढलेल्या प्रिंटमध्ये दाणे मधल्या छटांत, विशेषतः आकाश, भिंत, गाल अशा सपाट भागांत सर्वांत स्पष्ट दिसतात आणि पूर्ण काळ्या वा पूर्ण पांढऱ्या भागांत लोपतात. थरावरथर यांनी ओव्हरलेचा जो स्वभाव सांगितला, तो इथे नेमका उपयोगी पडतो: मधल्या करड्या रंगाचा लेयर घ्यावा, त्यावर एकरंगी नॉइज आणि हलका ब्लर द्यावा आणि मोड ओव्हरले करावा. दाणे आपोआप हव्या त्या छटांत बसतात. लाइटरूममध्ये दाण्यांसाठी प्रमाण, आकार आणि खरखरीतपणा असे तीन स्लायडर आहेत. त्यांतला आकार आधी ठरवावा, प्रमाण शेवटी.

आकार ठरवण्याचा आधार म्हणजे आपण कल्पिलेली निगेटिव्ह. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट २४ × ३६ मिमी असते. तिच्यावरून ए-४ इतकी प्रिंट काढायची, तर आठपटीहून अधिक मोठी करावी लागते, आणि कोडॅक ट्राय-एक्ससारख्या वेगवान फिल्मचे दाणे त्या आकाराला उघड दिसतात. मोठ्या चौकटीच्या निगेटिव्हवरून तेवढीच प्रिंट काढली, तर दाणे बारीक राहतात. ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) ए-४ म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. त्या फाइलमध्ये दीड ते तीन पिक्सेलचा पुंजका मला ३५ मिमीसाठी योग्य वाटतो. यापेक्षा मोठा दाणा घेतला, तर चित्र जुने न वाटता लहान फाइल ताणून मोठी केल्यासारखे वाटते.

आता लहान केल्यावर दाणे नाहीसे का होतात ते पाहू. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १००० पिक्सेलला आणताना सुमारे सोळा पिक्सेलांची सरासरी घेऊन एक पिक्सेल तयार होतो. स्वतंत्र नॉइजची तीव्रता त्यामुळे चौथाईवर येते. शिवाय जेपेग ८ × ८ पिक्सेलांच्या चौकोनांत चित्र साठवते आणि जागा वाचवताना सर्वांत आधी बारीक तपशीलच टाकून देते. यावर उपाय एकच: दाण्यांचा लेयर मूळ फाइलमध्ये पक्का मिसळू नये. छपाईसाठी आणि नेटसाठी वेगवेगळ्या आकाराच्या प्रती काढाव्यात, आकार बदलल्यावर हलके शार्पनिंग करावे आणि त्यानंतर त्या आकाराला साजेसे दाणे द्यावेत. दाण्यांनंतर शार्पनिंग कधीही करू नये, पुंजक्यांभोवती कडा तयार होतात. नेटसाठी जेपेगची गुणवत्ता थोडी चढी ठेवावी लागते आणि फाइल मोठी होते, ते मान्य करावे.

दाण्यांचा आणखी एक फायदा असा की ८-बिट फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ च पायऱ्या असतात, आणि आकाशासारख्या मंद उतारावर कर्व्हज ओढले की त्यांचे पट्टे दिसू लागतात. दाणे ते पट्टे मोडतात. तरीही शक्य असल्यास १६-बिटमध्येच काम करावे.

कागदकडा (प्रतिसाद)

छपाईच्या कागदाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: खडबडीत सुती कागदावर छापणार असाल, तर फाइलमधून कागदाचा उठाव पूर्णपणे काढून टाका. खऱ्या कागदाला स्वतःचे तंतू आणि चढउतार आहेत, त्यावर छापील तंतू आले की दोन पोत एकमेकांशी भांडतात आणि प्रकाश तिरका पडला की छापील सावल्या एका दिशेला, खऱ्या दुसऱ्या दिशेला दिसतात. डाग, विटलेपणा आणि दाणे ठेवावेत. असे कागद गडद काळा धरत नाहीत, म्हणून कर्व्हजमध्ये उचललेला काळा बिंदू थोडा खाली घ्यावा, नाहीतर विटलेपणा दुप्पट होईल. एका लहान तुकड्यावर चाचणी प्रत काढून मगच आकडे पक्के करावेत.

माझा दुसरा मुद्दा टेक्स्चर कुठून आणावे याबद्दल आहे. आपण दारे आणि भिंती काढत आहात, तेव्हा उसनी टेक्स्चर घेण्याचे कारण मला दिसत नाही. फ्लॅटबेड स्कॅनरवर काळा कार्डपेपर ठेवून ६०० पीपीआयला स्कॅन केला, की त्यावर पडलेली खरी धूळ आणि तंतू मिळतात, आणि ते स्क्रीन मोडसाठी जवळपास तयारच असतात. टाकाऊ प्रिंट घेऊन ती दुमडावी, उलगडावी, पुन्हा उलट्या बाजूने दुमडावी आणि स्कॅन करावी. वर ज्या तुटक भेगांचे वर्णन आले आहे त्या अशाच मिळतात. स्कॅनरचे स्वयंचलित धूळ-निवारण आणि शार्पनिंग बंद ठेवावे. कॅमेऱ्याने काढायचे असेल, तर पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा तिरका प्रकाश घ्यावा, कॅमेरा अगदी काटकोनात धरावा आणि रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढावे. प्रत्येक चित्रासाठी वेगळी घडी स्कॅन करता येते, त्यामुळे पुनरावृत्तीचा प्रश्नही मुळातून सुटतो.

दुसऱ्याचे टेक्स्चर वापरलेच, तर परवाना वाचावा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी सीसी० असेल तर श्रेय देण्याचे बंधन नाही, सीसी बाय असेल तर श्रेय द्यावे लागते, आणि एनसी (अव्यावसायिक) असलेले टेक्स्चर विक्रीच्या प्रिंटमध्ये चालत नाही.

आणि एक विनंती. चित्रे खरोखरीच जुनी वाटू लागली, तर चौकटीखाली काढल्याचे वर्ष लिहावे आणि फाइलच्या मेटाडेटामध्येही मूळ तारीख राहू द्यावी. ही माणसे आजची आहेत. त्यांचे चित्र पुढे कुणी उचलून भलत्याच काळाशी जोडले, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल.

रूपेरीकण

कागदकडा यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. एक भर घालतो, कारण मालिकेत चेहरे आहेत. काही चित्रांना एकोणिसाव्या शतकाचा भाव द्यायचा विचार झाला, तर टेक्स्चरच्या आधी कृष्णधवल रूपांतर बदलावे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या ओल्या कलोडियनच्या, म्हणजे ओल्या रासायनिक थरावर चित्र घेणाऱ्या, काचा निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत, लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येई, ओठ गडद येत आणि त्वचेवरचा प्रत्येक तीळ, प्रत्येक सुरकुती ठळक होई. चॅनेल मिक्सरमध्ये लाल आणि हिरवे जवळजवळ शून्य करून निळ्यावरून कृष्णधवल केले, तर याच्या बरेच जवळ जाता येते. निळ्या चॅनेलमध्ये सेन्सरचा नॉइज जास्त असतो, म्हणून त्यावर आधी नॉइज रिडक्शन चालवावे आणि मग अंधारखोली यांनी सांगितलेले दाणे द्यावेत. मात्र काचेवर किंवा पत्र्यावर काढलेल्या त्या चित्रांना कागदाची घडी असूच शकत नाही, तेव्हा त्या चित्रांपुरता घडीचा लेयर बंद ठेवावा.

छायावेध

सर्वांचा ऋणी आहे. कागदाचा उठाव काढून टाकतो, घड्या स्वतः स्कॅन करतो आणि प्रत्येक चित्राखाली वर्ष लिहितो. उभ्या व्यक्तिचित्रांवरचे ओरखडे तपासले, ते सगळे आडवे होते. आज ते उभे करून घेतले आहेत. चाचणी प्रती छापून आल्या की काळ्या बिंदूचे आणि दाण्यांचे पक्के आकडे इथेच लिहीन.